चिनी ‘स्वतंत्र’ सिनेमा: पाटीवरच्या दहा कंपन्यांपैकी पत्र कुणाला लिहायचं?

तुमच्या फिल्म सोसायटीने पावसाळा संपल्यावर पाच चिनी स्वतंत्र चित्रपटांची मालिका करायचं ठरवलंय, आणि गाडी अडली ती श्रेयनामावलीपाशी. एका चित्रपटाच्या सुरुवातीला एकामागून एक दहा कंपन्यांची नावं येतात, त्यात एक चक्क सरकारी स्टुडिओ. दुसऱ्यात चिनी कंपनी जवळपास नाहीच, बहुतेक सगळी फ्रेंच नावं. एका सभासदाने बैठकीत विचारलं की सरकारी शिक्का असलेला सिनेमा स्वतंत्र कसा? तुमचा स्वतःचा प्रश्न जास्त व्यवहारी आहे: परवानगीचं पत्र यातल्या नेमक्या कुणाला लिहायचं?

मी गेली वीसेक वर्षं फिल्म सोसायट्या आणि छोट्या महोत्सवांसाठी परदेशी चित्रपट मिळवण्याचं काम करतो. चिनी भाषा मला येत नाही. पाट्या बघून बघून पंचवीस-तीस चिन्हं ओळखीची झालीत, एवढीच काय ती विद्या. त्यामुळे मी सांगतोय ते पत्रव्यवहारातून आणि चुकांमधून शिकलेलं आहे, अभ्यासकाचं नाही.

सभासदाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की तुमचा निम्मा सुटतो. आपल्याकडे ‘स्वतंत्र’ म्हटलं की बड्या बॅनरबाहेरचा, कमी पैशांतला, दिग्दर्शकाने पदरमोड करून केलेला सिनेमा डोळ्यांपुढे येतो. चीनमध्ये या शब्दाचा खरा अर्थ बजेटमध्ये नाही, एका कागदात आहे. सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना. चीनच्या थिएटरात चित्रपट सुरू होताना सगळ्यात आधी हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी ड्रॅगन येतो आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक. तिथले लोक त्याला नुसतं ‘ड्रॅगनचा शिक्का’ म्हणतात. आपल्या सेन्सॉर प्रमाणपत्रासारखंच वाटतं ना? पण आपलं प्रमाणपत्र चित्रपट तयार झाल्यावर लागतं. तिथे शूटिंगच्या आधी कथेची नोंद करावी लागते आणि तयार चित्रपट पुन्हा तपासला जातो. शिवाय शिक्का नसलेला चित्रपट परदेशी महोत्सवात पाठवायलाही कायद्याने मनाई आहे. तेव्हा जुन्या अर्थाने स्वतंत्र म्हणजे शिक्क्याविना केलेला. नव्या, सैल अर्थाने स्वतंत्र म्हणजे शिक्का घेतलाय, पण आतला सिनेमा दिग्दर्शकाचाच आहे. तुमच्या यादीत दोन्ही जातीचे चित्रपट आहेत, म्हणून सगळा घोळ.

हे असं का झालं? थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकात कथापट काढण्याचा हक्क फक्त सरकारी स्टुडिओंना होता. खासगी पैसा आला तरी त्याला एखाद्या स्टुडिओचं नाव विकत घ्यावं लागे. पैसे भरा, आमचा शिक्का लावा, असा उघड व्यवहार. तेही ज्यांना परवडत नव्हतं किंवा पटत नव्हतं, त्यांनी सरळ बाहेर राहून चित्रपट केले. झांग युआन हे त्यातलं पहिलं ठळक नाव. वांग श्याओश्वायने ‘द डेज’ हा पहिला चित्रपट मित्रांना घेऊन, सुट्टीच्या दिवशी, नगण्य पैशांत उरकला. हे चित्रपट परस्पर परदेशी महोत्सवांत गेले, आणि १९९४ मध्ये सरकारने या दोघांसह तियान झुआंगझुआंग वगैरे काही जणांची यादीच काढली: यांना कुणी यंत्रसामग्री देऊ नये, मदत करू नये. नंतर ‘फ्रोझन’ बाहेर आला तेव्हा वांगने दिग्दर्शक म्हणून नाव लावलं ‘वू मिंग’. अर्थ अगदी साधा, निनावी.

२००२ पासून नवे नियम आले आणि खासगी कंपन्यांना आपल्या नावाने परवाना मागता येऊ लागला. आज तुम्हाला पाट्यांवर जी कंपन्यांची गर्दी दिसते, ती या दाराच्या उघडण्यातून आलेली आहे.

आता ती गर्दी वाचायची कशी? मी स्वतःपुरती एक युक्ती केली आहे. प्रत्येक नावासमोर विचारतो: याने कागद (म्हणजे परवाना) दिला, पैसा दिला, की पासपोर्ट (म्हणजे चित्रपटाला कागदोपत्री दुसऱ्या देशाचं नाव) दिला? कधी एकच कंपनी दोन गोष्टी देते, पण शून्य देणारी कंपनी पाटीवर सहसा नसते. (असते कधीकधी. पुढाऱ्याच्या मेहुण्यासारखी. ती सोडून द्या.)

जिया झांगकेचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या कारकिर्दीत हे तिन्ही एकेक करून दिसतात. शान्शी प्रांतातल्या फेनयांग या आडगावचा हा मुलगा. बीजिंगच्या फिल्म अकादमीत असताना केलेला त्याचा लघुपट हाँगकाँगच्या एका स्वतंत्र स्पर्धेत गेला आणि तिथे त्याला आयुष्यभराचे भागीदार भेटले. छायाचित्रकार यू लिक-वाय हा त्यातलाच. पहिला मोठा चित्रपट ‘श्याओ वू’, गावातल्या एका खिसेकापूची गोष्ट, १६ मिलिमीटरवर, गावातच, बिनसराईत नटांना घेऊन. पैसा हाँगकाँगचा, कागद शून्य. १९९८ ला बर्लिनला गेला, गाजला. दुसरा ‘प्लॅटफॉर्म’, त्यात जपानची ऑफिस कितानो ही कंपनी आली. नट-दिग्दर्शक ताकेशी कितानोची. म्हणजे पैसा आणि पासपोर्ट जपानी. कागद तरीही शून्य. मायदेशातल्या थिएटरात यातलं काहीच लागलं नाही, लोकांनी पायरेटेड डिस्कवर पाहिलं.

मग २००४ मध्ये ‘द वर्ल्ड’ला पहिल्यांदा ड्रॅगन मिळाला आणि पाटीवर शांघायचा सरकारी स्टुडिओ दिसू लागला. तुमच्या सभासदाला खटकला तो हाच प्रकार. तोवर जिया आणि त्याच्या हाँगकाँगच्या भागीदारांची स्वतःची एक्सस्ट्रीम पिक्चर्स उभी राहिली होती. ती चित्रपट घडवते, सरकारी स्टुडिओ कागदाची वाट सोपी करतो आणि थोडा पैसा घालतो, परदेशी कंपनी उरलेला पैसा आणि महोत्सवांची दारं बघते. ‘स्टिल लाइफ’ याच जुळणीतून झाला आणि २००६ ला व्हेनिसचा सुवर्णसिंह घेऊन आला. थ्री गॉर्जेस धरणाखाली बुडणाऱ्या गावाचा चित्रपट, ज्यात सरकारी स्टुडिओचे पैसे आहेत! तो पाहून कुणी म्हणावं की यात सरकारची भलामण आहे, तर मी माझी फी परत करीन.

पण शिक्का मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. त्याच जुळणीतल्या ‘अ टच ऑफ सिन’ला २०१३ मध्ये कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि चीनच्या थिएटरात तो आलाच नाही. उलट जिया स्वतः २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचा सदस्य झाला, त्याआधीच्या वर्षी पिंगयाओ या जुन्या तटबंदीच्या शहरात त्याने स्वतःचा महोत्सव सुरू केला. खिसेकापूच्या चित्रपटापासून सभासदत्वापर्यंत. काही जण याला तडजोड म्हणतात. मला वाटतं, तिथे वीस-पंचवीस वर्षं सलग चित्रपट करत राहायचं तर असंच काहीतरी होतं. मात्र माझं हे मत पुण्यात बसून दिलेलं आहे, हेही खरं.

पासपोर्टचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लोउ ये या दिग्दर्शकाचं. २००६ मध्ये ‘समर पॅलेस’ परवानगीविना कानला नेला म्हणून त्याच्यावर पाच वर्षं बंदी आली. बंदीच्या काळात त्याने नानजिंगमध्ये छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर, गाजावाजा न करता ‘स्प्रिंग फीव्हर’ चित्रित केला आणि कागदोपत्री तो हाँगकाँग-फ्रान्सचा चित्रपट झाला. शहर चिनी, भाषा चिनी, नट चिनी, दिग्दर्शक चिनी, फक्त चित्रपट चिनी नाही. तुमच्या यादीतल्या त्या ‘सगळी फ्रेंच नावं’ असलेल्या चित्रपटाचं उत्तर इथे आहे.

आता एका माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘कंपन्या कोण असतात’ या प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उत्तर मला दुसरं माहीत नाही. फांग ली. शिक्षण आणि धंदा भूभौतिकीचा. समुद्रतळाची, जमिनीखालची पाहणी करायची यंत्रं त्याची कंपनी पुरवते. त्यातून मिळालेला पैसा हा गृहस्थ चित्रपटांत घालतो. त्याची लॉरेल फिल्म्स ‘समर पॅलेस’च्या निर्मितीत होती. मग ली यू या दिग्दर्शिकेचा ‘लॉस्ट इन बीजिंग’ केला. त्याला काटछाटीनंतर परवाना मिळाला, चित्रपट लागला, आणि जानेवारी २००८ मध्ये परवाना मागे घेऊन कंपनीलाच दोन वर्षं निर्मितीची बंदी घातली. दुसरा कुणी असता तर यंत्रं विकत स्वस्थ बसला असता.

२०१६ मध्ये हा माणूस पुन्हा बातमीत आला तो गुडघ्यांवर बसून. दिवंगत दिग्दर्शक वू तियानमिंग यांचा शेवटचा चित्रपट ‘साँग ऑफ द फीनिक्स’. विषय, खेड्यातले सुओनावादक. सुओना म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलंच वाद्य, लग्नात आणि मर्तिकात वाजणारं. चित्रपट लागला, पण मल्टिप्लेक्सवाल्यांनी त्याला सकाळचे आडवेळेचे चार-दोन खेळ दिले. आठवड्याभरात चाळीस लाख युआनही जमेनात. फांग ली या चित्रपटाच्या प्रसिद्धीचं काम फुकट बघत होता. इंटरनेटवरच्या थेट प्रक्षेपणात तो थिएटर व्यवस्थापकांपुढे गुडघे टेकून म्हणाला की येत्या शनिवार-रविवारी आम्हाला थोडे खेळ द्या. टीका झाली, चेष्टा झाली, खेळ मात्र वाढले, आणि गल्ला शेवटी आठ कोटी युआनच्या पुढे गेला. हे सगळं सांगायचं कारण असं की तिथे छोट्या चित्रपटाचा गळा नेहमी सेन्सॉरच आवळतो असं नाही. खेळांच्या वाटपातही तो घुसमटतो. मराठी निर्मात्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच फांग लीने पुढे स्वतः दिग्दर्शन करून ‘द सिंकिंग ऑफ द लिस्बन मारू’ हा माहितीपट केला. १९४२ मध्ये झौशान बेटांजवळ बुडालेलं, ब्रिटिश युद्धकैद्यांनी भरलेलं जपानी जहाज. समुद्राच्या तळाशी ते शोधायला त्याची स्वतःचीच यंत्रं कामी आली. दोन धंदे असे एकमेकांना भेटले.

खेळांच्या वाटपाचा विषय निघालाच आहे तर पैशांचा हिशेब सांगून टाकतो. चीनमध्ये शंभर युआनचं तिकीट विकलं की पाच युआन चित्रपट विकास निधीत जातात, तीन-साडेतीन करात. उरलेल्यातले साधारण ५७ टक्के थिएटर आणि त्याची साखळी ठेवते, ४३ टक्के निर्माता-वितरकाच्या बाजूला येतात. त्यातून वितरकाचं कमिशन वजा केलं की निर्मात्यांच्या हातात शंभरातले पस्तीसच्या आसपास. आणि हे पस्तीस पाटीवरच्या दहा जणांत वाटायचे. म्हणून दहा कंपन्या बघून दिग्दर्शक श्रीमंत आहे असं समजू नका. बऱ्याचदा उलट असतं. दहा जणांकडे थोडे थोडे मागितले, तेव्हा कुठे चित्रपट झाला.

या हिशेबामुळेच कधी कधी भलतेच प्रयोग होतात. बी गान हा ग्वेइझौ प्रांतातल्या कायली गावचा कवी. पहिला ‘कायली ब्लूज’ त्याने ओळखीपाळखीच्या पैशांत सुरू केला, गावातलेच लोक घेऊन, आणि त्यातला एक सलग शॉट चाळीस मिनिटांहून मोठा आहे. दुसऱ्या, बऱ्याच महागड्या ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ची जाहिरात करताना वितरकांनी शक्कल काढली: ३१ डिसेंबर २०१८ चा रात्रीचा खेळ असा लावा की चित्रपट संपेल तेव्हा बारा वाजलेले असतील आणि जोडप्यांनी चुंबन घेऊन नवं वर्ष सुरू करावं. पहिल्या दिवसाचा गल्ला २६ कोटी युआनच्या घरात! दुसऱ्या दिवशी ९५ टक्क्यांहून जास्त घसरण. प्रणयपट समजून आलेल्या प्रेक्षकांनी संतापून काय काय लिहिलं ते विचारू नका. कंपनीचे पैसे सुटले असतील, पण आडवळणाच्या चित्रपटाला प्रेक्षक मिळवून देण्याची ही रीत मला तरी मान्य नाही. तुमच्या माहितीपत्रकात हा चित्रपट घेणार असाल तर तो काय आहे हे स्वच्छ लिहा.

दिग्दर्शक निंग हाओची वाट वेगळी. हाँगकाँगचा नट अँडी लाऊ याच्या फोकस फिल्म्सने नवोदितांसाठी योजना काढली होती, त्यातून ३० लाख हाँगकाँग डॉलरच्या आसपास ‘क्रेझी स्टोन’ झाला आणि २००६ मध्ये त्याने दोन कोटी युआनहून जास्त कमावले. पुढे निंग हाओने ‘डर्टी मंकीज’ ही कंपनी काढून तेच नव्या मुलांसाठी केलं. त्यातून आलेला वेन मुयेचा ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ तुम्ही पाहिला असेल, भारतातून कॅन्सरची स्वस्त गोळी चोरून नेणाऱ्या माणसाची गोष्ट. ३०० कोटी युआनच्या पुढे गेला. हा तुमच्या मालिकेत बसत नाही, पण चर्चेत जरूर आणा.

आता तुमचा प्रश्न. पत्र कुणाला?

शिक्का असलेला चित्रपट असेल तर चीनमधल्या निर्मात्याला लिहून फारसं काही होत नाही. ईमेल पोचतं, उत्तर येत नाही, आलं तर ‘विभागाला कळवलं आहे’ असं येतं. महोत्सवांच्या कॅटलॉगमध्ये शेवटी ‘जागतिक विक्री’ अशी ओळ असते, तिथल्या कंपनीला लिहा. ती बहुधा पॅरिसची असते. अलीकडे बीजिंगच्या रेडियन्ससारख्या कंपन्याही हे काम चोख करतात. पहिल्याच पत्रात चार गोष्टी स्पष्ट करा: खेळ एकच, सभासदांसाठी, तिकीट नाही, सभागृह किती खुर्च्यांचं. मला एका खेळासाठी दोनशे ते पाचशे युरोंपर्यंत आकडे सांगितले गेलेत. फिल्म सोसायटी म्हटल्यावर आणि तीन चित्रपट एकत्र मागितल्यावर ते खाली येतात. किती, हे त्या चित्रपटाचं वय आणि समोरच्याची मनःस्थिती यावर अवलंबून. आणि कोणती प्रत पाठवणार ते विचाराच. चीनमध्ये लागलेली आणि बाहेर फिरलेली प्रत कधी कधी वेगवेगळी असते.

शिक्का नसलेला असेल, विशेषतः माहितीपट, तर क्रम उलटा करा. आधी दिग्दर्शकाला विचारा. पैशांचं नंतर बघू, आधी विचारा की आम्ही तुमचं नाव आणि पोस्टर फेसबुकवर टाकलं तर चालेल का? हा प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हतो. २०१४ मध्ये बीजिंगजवळच्या सोंगझुआंगचा स्वतंत्र महोत्सव बंद पाडला गेला आणि तिथला चित्रपटांचा संग्रह उचलून नेला. नानजिंगचा महोत्सव २०२० मध्ये थांबला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये होणारा चिनी स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव आयोजक झू रिकुन यांना ऐन वेळी स्थगित करावा लागला, कारण दिग्दर्शकांवर आणि त्यांच्या चीनमधल्या घरच्यांवर दबाव यायला लागला होता. त्यामुळे कुणी ‘दाखवा, पण बोभाटा नको’ म्हटलं तर ते तसंच पाळा, कारण विचारू नका.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच: लेखी होकार आणि प्रत हातात आल्याशिवाय पत्रिका छापू नका. मी एकदा छापली होती. उद्घाटनाचा चित्रपट, आठशे रंगीत पत्रिका, आणि चार दिवस आधी दोन ओळींचं पत्र: ‘तांत्रिक कारणामुळे’ चित्रपट उपलब्ध नाही. मला वाटलं आपण लहान म्हणून असं केलं. मग २०१९ मध्ये झांग यीमोऊसारख्या नामवंत दिग्दर्शकाचा ‘वन सेकंड’ बर्लिनच्या स्पर्धेतून नेमक्या याच शब्दांत मागे घेतला गेला, तेव्हा माझा राग जरा निवळला. शिक्का मिळून, गाजूनही भरवसा नसतोच. ली रुइजुनचा ‘रिटर्न टू डस्ट’, गान्सूतल्या स्वतःच्या गावात, नातेवाइकांना घेऊन केलेला, २०२२ मध्ये दहा कोटी युआनच्या पुढे गेला आणि सप्टेंबरात तिथल्या ऑनलाइन मंचांवरून नाहीसा झाला. तुमच्या यादीत तो आहे, चांगलंच आहे, पण बाहेरच्या विक्री कंपनीकडूनच मागा.

आपल्या बाजूची कागदपत्रं, म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्राविना दाखवण्याची सूट, यासाठी फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनच्या विभागीय कार्यालयाशी आधी बोला. ते काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

राहिला तुमचा पाचवा, ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’, ज्याबद्दल तुम्ही ‘नऊ तास कोण बसणार?’ असं लिहिलंय. वांग बिंगने शेनयांगमधल्या तिये शी या मरायला टेकलेल्या कारखान्यांच्या वस्तीत, भाड्याच्या लहानशा डीव्ही कॅमेऱ्यावर, एकट्याने तो चित्रित केला. त्यामागे सुरुवातीला कंपनी म्हणावी असं काहीच नव्हतं. त्याचे तीन भाग आहेत, गंज, अवशेष आणि रूळ, सुमारे चार तास, तीन तास आणि सव्वादोन तासांचे. रविवार धरा. सकाळी नऊला पहिला भाग, मग जेवण, दुसरा, मग चहा, तिसरा. गिरणगावात वाढलेले दोन-तीन ज्येष्ठ सभासद असतील तर त्यांना आवर्जून पुढच्या रांगेत बसवा आणि चर्चेला आधी त्यांना बोलू द्या. जेवणाची सोय सभागृहाच्या आवारातच करा. बाहेर सोडलंत तर निम्मे परत येणार नाहीत, हे मात्र अनुभवाचं सांगतो.